जिप्सीचं स्टिअरिंग साठला नाचतंय? डॅम्पर घ्यायच्या आधी खाली वाकून बघा

खंबाटकी उतरून वेळे मागे पडलं की साताऱ्याकडे जाताना एका पुलाचा सांधा लागतो. माझी जिप्सी नेमकी त्याच सांध्यावर नाचायची. काटा साठच्या आसपास, पुढची चाकं सांध्यावर धाडकन आपटली की स्टिअरिंग डावी-उजवीकडे असं मारायला लागायचं की मनगटं दुखावीत. डॅशबोर्डवरचा चष्मा पायाशी, बायको दाराच्या दांडीला लटकलेली. वेग चाळीसच्या खाली आला की सगळं शांत, जणू काही झालंच नाही. आणि गॅरेजमध्ये नेली की गाडी गुणी बाळासारखी सरळ चालणार, हे तर ठरलेलं.

गाडी १९९९ ची जिप्सी किंग, १३०० सीसी, कार्ब्युरेटरवाली. तीन वर्षांत चार वेळा अलाइनमेंट, दोन स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हिसके गिळणारा आडवा शॉक ॲब्सॉर्बर) आणि टायरची एक जोडी एवढं करून झालं. दर वेळी दोन महिने बरं वाटायचं आणि मग पुन्हा तोच पूल. ज्यांची जिप्सी अशीच दुरुस्त होऊन पुन्हा पुन्हा बिघडते, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक खुलासा. हा रोग एकट्या मारुतीचा नाही. डिसेंबर १९८५ मध्ये आपल्याकडे आलेली जिप्सी म्हणजे सुझुकीची एसजे ४१०, जपानमधल्या जिम्नीची लांब बहीण. पुढे सरळ एक्सल, त्याच्या दोन टोकांना किंगपिनवर, म्हणजे उभ्या खुंटीवर, फिरणारे नकल (चाक ज्यावर बसतं आणि ज्यासकट वळतं तो भाग), खाली कमान पाटे. अशी रचना असलेल्या सगळ्याच गाड्यांना हा झटका येऊ शकतो. जपानमधले जिम्नीवाले त्याला ‘जादा’ म्हणतात. आपला मराठी जादा नव्हे, इंग्रजी जडरचा तो जपानी उच्चार. पण वर्कशॉपचं बिल बघितलं की मराठी अर्थही चालून जातो.

झटका आला तर काय करायचं, हे आधी सांगतो, कारण बाकीचं वाचायला तुम्ही शाबूत हवेत. ब्रेकवर उभं राहू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, पण त्याच्याशी कुस्ती खेळू नका. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, मागचं वाहन आरशात बघा आणि गाडी आपोआप मंद होऊ द्या. आणि त्या दिवशी तसंच पुढे कोल्हापूरपर्यंत चाळीसच्या आत जाऊ, हा विचार करू नका. मी केला होता. घरी येऊन बघितलं तर टाय रॉडच्या (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) एंडचा नट दोन आटे सैल झाला होता.

हे होतं कसं

चाकाला थोडासा असमतोल असतोच. एका ठरावीक वेगाला त्या असमतोलाचे हिसके आणि चाकांच्या डावी-उजवीकडे डुलण्याचा स्वतःचा ताल जुळतो. झोपाळ्याला योग्य वेळी बोटाने ढकललं तरी तो चढत जातो, तसंच. सरळ एक्सलमध्ये दोन्ही चाकं एकाच टाय रॉडने बांधलेली, त्यामुळे एक डुललं की दुसरंही डुलतं. हे डुलणं थांबवायचं काम किंगपिन बेअरिंगमधल्या घर्षणाचं, सांध्यांच्या घट्टपणाचं आणि पाट्यांच्या टोकांतल्या रबरी बुशचं. यातलं एक जरासं सैल असेल तर गाडी सांभाळून घेते. तीन गोष्टी जराजरा सैल झाल्या की पूल लागतो.

म्हणूनच ‘एक पार्ट बदलला आणि बरं झालं’ हे जिप्सीत फार काळ टिकत नाही. सगळ्यात जास्त सैल असलेली गोष्ट नीट केली की बाकीच्या दोन कशाबशा भार उचलतात, दोन महिने. साताऱ्यातले माझे मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी दुसरा डॅम्पर उघडून बाजूला ठेवला आणि म्हणाले, “मालक, कडी मोडलेल्या दाराला तुम्ही दगड लावताय. वारा मोठा आला की दगडासकट उघडणार.”

तेव्हा डॅम्पर शेवटी.

टायरपासून सुरुवात, कारण ती फुकट आहे

हवा चारही टायरमध्ये गाडीच्या पट्टीवर लिहिलेली आहे तेवढीच आहे का, ते थंड गाडीत बघा. पेट्रोल पंपावरचा मुलगा जिप्सी बघून सरळ पस्तीस भरतो. एवढी कडक हवा भरली की चाक उड्या मारतं आणि झटका लवकर येतो. मग टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. जिप्सी फार फिरत नाही, नक्षी शिल्लक असते, पण रबर वाळलेलं असतं आणि एकाच जागी उभं राहून टायर चपटा झालेला असतो. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून एक चक्कर मारा. झटका येण्याचा वेग बदलला किंवा थरथर सीटमध्ये गेली तर टायर किंवा रिम यात सामील आहे. बॅलन्सिंग करताना रिमच्या आत सुकलेला चिखल खरवडून काढायला सांगा. काळी माती दीडशे ग्रॅमचं वजन सहज लावून जाते.

मोठे टायर आणि बाहेर काढलेली रिम, म्हणजे ऑफसेट चाकं, लावली असतील तर चाक किंगपिनपासून जितकं लांब गेलं तितका प्रत्येक खड्ड्याला तरफेचा दांडा लांब मिळतो. दिसायला गाडी झकास दिसते, मान्य. पण मग बेअरिंगं लवकर जातात म्हणून सुझुकीला शिव्या घालू नयेत.

हाताने पकडायच्या गोष्टी

गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवर, इंजिन बंद. आत कोणाला तरी बसवा आणि स्टिअरिंग फक्त दोन-तीन इंच डावी-उजवीकडे हलवायला सांगा, सारखं. तुम्ही खाली झोपा. ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) आणि टाय रॉडच्या प्रत्येक टोकावर तळहात ठेवा. डोळ्यांना दिसत नाही ते हाताला कळतं. सांध्यात ‘टक्’ जाणवलं की तो एंड गेला. रबर फाटून आत पाणी गेलेला एंड नुसता ग्रीस मारून जिवंत होत नाही. स्टिअरिंग बॉक्स चेसिसला जिथे बसतो तिथले बोल्टही बघा. आमच्याकडे बॉक्स ठीक होता, पण त्याच्या एका बोल्टभोवती गंजाची ताजी, केशरी धार होती. अशी धार म्हणजे धातूवर धातू घासतोय.

बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू मात्र ‘प्ले (ढिलेपणा) काढतो’ म्हणून कोणी आवळायला लागला तर हात धरा. मध्यावरचा प्ले काढायला तो जास्त आवळला की वळणावर स्टिअरिंग जड होतं आणि परत यायला कंटाळतं. सरळ जाताना झिजलेला बॉक्स आणि वळताना अडकणारा बॉक्स यांत दुसरा जास्त धोक्याचा.

आता चाक जॅकवर घ्या, एक्सलखाली स्टँड लावा. चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. हललं तर दोनच संशयित: हबचं (चाक ज्यावर फिरतं त्या भागाचं) बेअरिंग किंवा किंगपिनचं. कोणतं, हे ओळखायची युक्ती चाचांनी दाखवली आणि मला तीन वर्षं वाया गेल्याचं वाईट वाटलं. आतल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकने हब आणि नकल एक झाले. तरीही हललं तर किंगपिन. हलायचं थांबलं तर हबचं बेअरिंग. हबचा मोठा नट बऱ्याच ठिकाणी छिन्नी-हातोड्याने फिरवतात. तुमच्या नटाच्या कडा चावल्यासारख्या दिसत असतील तर तो आधीही तसाच आवळला गेलाय आणि किती आवळला हे कोणालाच माहीत नाही. योग्य सॉकेट आणून बसवा.

किंगपिन: खरी गोम

माझ्या गाडीत चाक जॅकवर अजिबात हलत नव्हतं. म्हणून चार जणांनी किंगपिन ठीक असल्याचं सांगितलं होतं. इथेच सगळे फसतात. किंगपिनची बेअरिंगं टेपरची असतात आणि ती नुसती ‘न हलणारी’ असून भागत नाही. ती थोडी दाबलेली हवीत, म्हणजे नकल फिरवायला जरा जोर लागला पाहिजे. हा जोरच चाकाचं डुलणं खाऊन टाकतो. प्ले शून्य आणि दाबही शून्य अशा गाडीला जॅकवर पास करता येतं, पुलावर नाही.

जोर मोजायचा ताणकाट्याने. शाळेच्या प्रयोगशाळेत होता तोच. मी बाजारातून बॅगा तोलायचा हुकाचा काटा आणला. चाक, ब्रेक, टाय रॉड सोडवायचा. नकलच्या मागचं गोल सील सोडवून मागे सरकवायचं, कारण सीलचा अडथळा वेगळा असतो आणि तो धरला तर आकडा फसवा येतो. नकलच्या दांड्यातल्या टाय रॉडच्या भोकात हूक अडकवून दांड्याशी काटकोनात ओढायचं आणि नकल हलायला लागताना काटा काय सांगतो ते वाचायचं. एसजे गाड्यांच्या वर्कशॉप मॅन्युअलात हा आकडा सील नसताना १ ते १.८ किलो दिला आहे.

माझ्या उजव्या बाजूला आला ४०० ग्रॅम. डाव्या बाजूला ७००. चाचांनी काटा हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला, स्वतःच्या टिफिनचा डबा लटकवून बघितला आणि मग म्हणाले, “काटा बरोबर हाय. गाडी चूक हाय.”

उघडल्यावर आतलं ग्रीस काळं, पातळ, गियर ऑइलच्या वासाचं. एक्सलमधलं सील गेलं की डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये येतं आणि ग्रीस धुऊन नेतं. नकलच्या गोळ्यावरून बाहेर तेलकट चिखल गळत असेल तर हे आत झालेलं आहे, असं धरून चाला. बेअरिंगच्या वाटीत बोट फिरवलं तर रोलरच्या अंतरावर बारीक खाचा लागल्या. गाडी बहुतेक वेळ सरळच जाते, त्यामुळे रोलर त्याच जागी हादरे खात बसतात आणि तिथेच खड्डे पाडतात. स्टिअरिंग मध्यावर येताना हलकेच ‘बसल्यासारखं’ वाटतं ते यामुळे. अशी बेअरिंगं शिम काढून दाबली तर मध्यावर सैल आणि वळताना घट्ट होतात. ती बदलायचीच. दोन्ही बाजूंची, वर-खाली, मिळून चार. वाट्याही नव्या. जुन्या वाटीत नवं बेअरिंग हा प्रकार चिंच घालून दूध तापवण्यासारखा आहे.

शिम म्हणजे किंगपिनच्या टोपीखालच्या पातळ पत्र्या. पत्री काढली की दाब वाढतो, घातली की कमी होतो. काढताना वर-खाली सारख्याच ठेवायचा प्रयत्न करा, नाहीतर नकल एका बाजूला सरकतो. एक ०.१ मिलिमीटरची काढा, टोपी पूर्ण आवळा, नकल दहा-बारा वेळा फिरवा, मग मोजा. आम्हाला दोन्ही बाजू १.५ किलोवर आणायला अख्खी दुपार लागली. मिस्त्री घाईत असेल तर हे काम त्या दिवशी देऊ नका. चहा पाजा आणि दुसऱ्या दिवशी या.

कमान पाटे, आणि माझीच चूक

इथवर वाचून वाटेल, किंगपिन केलं आणि सुटलं. नाही. झटका बराच कमी झाला, पण ऐंशीला गाडी रस्त्यावर भटकायची, सारखी दुरुस्त करत राहावी लागायची. वळणावरून स्टिअरिंग स्वतःहून मध्यावर यायला आळस करायचं. याचं उत्तर माझ्याच फाइलमध्ये होतं. अलाइनमेंटच्या चारही कागदांवर छापलेलं: कॅस्टर डावीकडे १.४ अंश, उजवीकडे १.६. हवा होता साडेतीन. चार ठिकाणी कागद हातात मिळाला, पैसे घेतले गेले, त्या आकड्यावर बोट कोणीच ठेवलं नाही. आणि मीही वाचला नाही.

कॅस्टर म्हणजे किंगपिनचा वरचा भाग किती मागे झुकलाय ते. सायकलचा पुढचा काटा तिरका असतो म्हणून हात सोडून चालवता येते, तेच इथे. माझा कॅस्टर गेला कुठे? तर पाच वर्षांपूर्वी गाडी उंच दिसावी म्हणून मी लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला टांगणाऱ्या पट्ट्या) घातले होते. पाट्याचं एकच टोक खाली गेलं, एक्सल फिरला आणि किंगपिन उभा झाला. सरळ एक्सलमध्ये कॅस्टर आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) फिरवायला नट नसतो. अलाइनमेंटवाला तिथे फक्त टो, म्हणजे चाकं पुढून किती आत वळलेली आहेत ते, जुळवू शकतो. ‘कॅम्बर सेट केला’ असं बिलावर कोणी लिहिलं तर कशाने केला, हे विचारा.

दोन उपाय आहेत. एक, लिफ्ट ठेवायचीच असेल तर एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी पाचर. जिप्सीत पाटा एक्सलच्या खाली असतो, त्यामुळे पाचरीची जाड बाजू पुढे. पण एक्सल तसा फिरवला की पुढच्या डिफरन्शियलचं नाक खाली जातं आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो. फोर बाय फोर लावल्यावर घरघर येते. जास्त पाचर ठोकली तर थरथर उलट वाढते, हेही ऐकून ठेवा. दोन अंशांच्या पुढे हौसेने जाऊ नये. दुसरा उपाय, मूळ मापाचे शॅकल परत. मी तेच केलं. गाडी दीड इंच बुटकी झाली. भाच्याने “मामा, ही आता म्हाताऱ्यांची दिसते” असं म्हटलं. असो.

शॅकल काढले तेव्हा बुश हातातच सुटले. एकात रबर नव्हतंच, नुसती काळी भुकटी. नवे बुश बसवताना एक चूक सर्रास होते: गाडी जॅकवर लटकलेली असताना नट कचकचून आवळतात. मग गाडी खाली आली की रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि सहा महिन्यांत फाटतं. नट आधी नुसते बसवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून हलवा, मग आवळा. पाटा तुटला असेल तर वेल्डिंग अजिबात नको. उष्णतेने पोलादाचा ताठरपणा जातो आणि तो शेजारीच पुन्हा तुटतो. पाटे बसले असतील तर कमानवाल्याकडून नीट कमान चढवून घ्या किंवा नवा पाटा घाला.

टो घरी बघता येतो. चाक वर घेऊन फिरवत टायरच्या मधोमध खिळ्याने एक रेघ ओढा, दोन्ही बाजूंना. गाडी खाली उतरवून थोडी ढकला. मग रेघांमधलं अंतर एक्सलच्या उंचीवर पुढून मोजा आणि मागून मोजा. पुढचं अंतर २ ते ६ मिलिमीटर कमी हवं. टेप धरायला दुसरा माणूस शहाणा हवा, एवढीच अडचण.

डॅम्पर

आता डॅम्पर. तो काढून दोन हातांनी ओढा-ढकला. दोन्ही बाजूंना सारखा, जड विरोध हवा. मध्ये पोकळ जागा लागली किंवा तेल गळत असेल तर बदला. बाकी सगळं ठीक झाल्याची माझी परीक्षा अशी: पहाटे रिकाम्या रस्त्यावर, डॅम्पर न लावता, तीस, चाळीस, पन्नास असं हळूहळू चढत जायचं आणि जरा जरी थरथर वाटली तरी थांबायचं. डॅम्परशिवाय गाडी शांत असेल तरच तो परत लावायचा.

जुनी घेणाऱ्यांसाठी एक सूचना. ताडोब्यात सफारीला जिप्स्या वर्षानुवर्षं चालल्या. जंगलात गाडी हळूच चालते, त्यामुळे किंगपिन संपलेली जिप्सीही तिथे निवांत नोकरी करू शकते. अशी गाडी घेताना विकणाऱ्याच्या गल्लीत चक्कर मारून सही करू नका. हायवेवर साठपर्यंत चालवून बघा.

पासिंग

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग असतं आणि स्टिअरिंगचा तिथे थेट संबंध आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम स्टिअरिंग व्हीलवर ३० अंशांपेक्षा जास्त मोकळा फेर चालू देत नाही. व्हीलच्या कडेवर टेप चिकटवून, चाकं हलायला लागेपर्यंत ती किती सरकते ते आधीच बघा. लिफ्ट, रुंद टायर, पुढचा बुल बार हे सगळं आरसीशी जुळणार नाही. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलंय. चार चाकांच्या खासगी गाडीची नोंदणी नूतनीकरण फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ती १०,००० केली. एवढे पैसे भरून शॅकलमुळे परत पाठवलं तर जीव जळतो.

माझी २०२४ मध्ये नेली होती. किंगपिनचा आकडा मी कागदावर लिहून नेला होता, कोणी विचारलं तर सांगायला. साहेबांनी चेसिस नंबर बघितला, दिवे लावायला सांगितले, हॉर्न वाजवायला सांगितला. हॉर्न वाजला नाही. बुश बदलताना आम्हीच त्याची वायर ओढली होती.

पाटा एक्सलला बांधणारे यू बोल्ट तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायला विसरू नका. माझ्या आठ नटांपैकी पाचांनी पाव-पाव फेरा घेतला.